वेडेवाकडे दात आणि वाढत्या वयातली तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा ते अठरा वर्षांच्या मुलांचे आईवडील दवाखान्यात खुर्चीशेजारी उभं राहून जे विचारतात, आणि ते बाहेर गेले की मुलं हळूच जे विचारतात, ते दोन्ही इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे सांगण्यासारखं खरंच पुष्कळ आहे.

दात किती वाकडे असले म्हणजे त्याला दोष म्हणायचं?

ओवलेल्या मण्यांसारखे दात मुळात फार थोड्यांना असतात. एखादा दात किंचित वळलेला, एखादी बारीक फट, खालच्या पटाशीच्या दातांची थोडी दाटी हे इतकं सर्रास आढळतं की त्याला आजार म्हणणं मला पटत नाही. दातांची रांग जेवढी महत्त्वाची, तेवढंच वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात तेही महत्त्वाचं. याला चाव म्हणतात. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दाढांच्या नात्यावरून चावाचे तीन वर्ग पाडले, ते आजही वापरात आहेत. पहिल्या वर्गात दाढा जागेवर असतात, दोष असला तर दाटीचा किंवा फटींचा. दुसऱ्यात खालचे दात किंवा जबडा मागे असतो, म्हणून वरचे दात पुढे आलेले दिसतात. तिसऱ्यात उलट, खालची बाजू पुढे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर कायमचे दात आलेल्यांत पहिला वर्ग सुमारे ७५ टक्के, दुसरा २० टक्क्यांच्या आणि तिसरा ६ टक्क्यांच्या आसपास भरतो.

पण वर्ग कळला म्हणून गरज कळत नाही. ती मोजायला १९८९ साली ब्रिटनमध्ये पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार झाली. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या मुलाला तब्येतीसाठी म्हणून तार लावायची गरज जवळजवळ नसते, तिसरी काठावरची, चौथी-पाचवी म्हणजे उपचार करावाच अशी. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असले तर चौथी, ९ मिलिमीटरच्या वर गेले तर पाचवी. "आमचं मूल कितव्या पायरीवर आहे?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. उत्तर द्यायला त्यांना दोन मिनिटं लागतात.

वाकड्या दातांमुळे सगळ्या शरीराची तब्येत बिघडते, असं ऐकलं. खरं का?

ज्या थाटात ते सांगितलं जातं, तसं नाही. पुढचं सगळं वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवा: बाण कुठून कुठे जातो? दातांकडून शरीराकडे, शरीराकडून दातांकडे, की तिसऱ्याच कशाकडून दोन्हींकडे? घोरणाऱ्या मुलाचा वरचा जबडा पुष्कळदा अरुंद असतो. म्हणून जबड्यामुळे घोरणं लागलं असं ठरत नाही. चोंदलेल्या नाकामुळे दोन्ही झालेलं असू शकतं. किशोरवयीन मुलांवरचे बरेचसे अभ्यास एकाच दिवशी दात मोजतात आणि त्याच दिवशी डोकेदुखी, झोप, वजन विचारून घेतात. त्यातून दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच कळतं. आधी कोणती आली ते कळत नाही.

माझं मत सांगतो. दातांकडून शरीराकडे जाणारे बाण थोडे आहेत आणि त्यांतले दोनच ठळक आहेत: दुखापत आणि मन. शरीराकडून दातांकडे येणारे बाण लोकांना वाटतात त्याहून जास्त आहेत, आणि दुर्लक्ष नेमकं त्यांच्याकडेच होतं.

दाटी असली की दात लवकर किडतात का? आणि हिरड्या?

दाटीमुळे कीड वाढते, हे अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. साखर दिवसातून किती वेळा तोंडात जाते, पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का, ब्रश किती नीट फिरतो, यांवर कीड ठरते. सरळ दातांच्या आळशी मुलापेक्षा वाकड्या दातांचं, पण मन लावून घासणारं मूल फायद्यात राहतं.

हिरड्यांशी नातं थोडं जास्त दिसतं. दातावर दात चढलेल्या जागी कीटण साचतं, घासताना रक्त येतं. चाव खोल असेल तर खालचे दात टाळूला टोचतात किंवा वरचे दात खालच्या हिरडीला खरवडतात. अशी जखम रोज होत असेल तर उपचार हवाच. वरचा एखादा पुढचा दात आत बसून खालच्याला बाहेर ढकलत असेल, तर त्या खालच्या दाताची हिरडी उतरत जाते. तिथेही वाट पाहू नये. मात्र "आत्ता दात सरळ केले की पुढे हिरड्यांचा आजार होणार नाही" या आश्वासनामागे भरवशाचा पुरावा नाही.

इथूनच काही जण थेट हृदयविकारावर उडी मारतात. हिरड्यांचा जुना आजार असलेल्या प्रौढांत हृदयविकार जास्त आढळतो, हे निरीक्षण खरं आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या वाकड्या सुळ्यापासून तिथपर्यंत साखळी ओढणं म्हणजे आईबापांना घाबरवणं.

दात पुढे आलेत, पण दुखत नाहीत. मग काळजी कशाची?

पडण्याची. या पानावरचं सगळ्यांत स्पष्ट उत्तर हेच. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा २ ते ३ मिलिमीटर पुढे असणं स्वाभाविक आहे. लहान मुलांत ते अंतर ३ मिलिमीटरच्या वर गेलं की त्या दातांना इजा होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. ओठ दातांवरून मिटत नसतील तर आणखी वाढतो, कारण तोंडावर पडताना धक्का झेलायला ओठाची गादी मध्ये नसते. पुढचा दात तुटला की प्रकरण एका दिवसाच्या रडण्यावर संपत नाही. मुळाची वाढ पुरी होण्याआधी दात मेला तर मूळ तिथेच थांबतं, पातळ राहतं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याची डागडुजी चालते. जबडा वाढत असेपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवता येत नाही, त्यामुळे बाराव्या वर्षी गेलेल्या दाताच्या जागी विशीपर्यंत तात्पुरत्या सोयीवर भागवावं लागतं.

म्हणून फार पुढे आलेल्या दातांसाठी सातव्या ते अकराव्या वर्षातच उपचार सुरू करायला एक खरं कारण आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही हेच निघालं: लवकर सुरुवात केली तर पुढच्या दातांच्या इजा कमी होतात, बाकी बाबतींत किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसत नाही. झाडावर चढणाऱ्या धसमुसळ्या पोरासाठी एक निर्णय आणि पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या पोरासाठी दुसरा, असं व्हायला काहीच हरकत नाही. अंगाला अंग भिडणारा खेळ असेल तर मापाचा माउथगार्ड घ्या. तार लावलेल्या तोंडासाठीही तो मिळतो.

आणि खेळताना दात मुळासकट बाहेर पडलाच तर?

दात शोधा. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड पाण्याखाली काही क्षण धरा, घासू नका. कायमचा दात असेल तर लगेच त्याच खाचेत बसवा, वर रुमाल चावायला द्या आणि दंतवैद्याकडे निघा. बसवायचा धीर होत नसेल तर दात दुधात टाका. पाण्यात ठेवू नका, पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. कोरड्या हवेत तर त्या तासाभरात मरतात. पडलेला दात दुधाचा असेल तर तो परत बसवायचा नसतो. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना हा एवढा परिच्छेद वाचून दाखवलात तर फार बरं होईल.

नीट चावता येत नाही म्हणून पचन बिघडतं का?

चाव खूप बिघडलेल्या मुलांकडून घास कमी बारीक होतो, हे चाचण्यांत दिसतं. पण उरलेलं काम जठर आणि आतडं करतं. त्यापायी पोषण कमी पडतं असा पुरावा नाही. मुलाचं वजन वाढत नसेल किंवा पोट सारखं दुखत असेल तर खापर दातांवर फोडून बालरोगतज्ज्ञांकडे जाणं लांबवू नका. एक त्रास मात्र खरा असतो. दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत उभी फट राहते अशा मुलांना घास पुढून तोडता येत नाही, बाजूच्या दातांनी ओढावा लागतो, आणि ती चारचौघांत खायला लाजतात. विचारल्याशिवाय ती हे सांगत नाहीत.

आमचा मुलगा तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो. दात वाकडे असल्यामुळे का?

इथे बाण बहुतेक वेळा उलट्या दिशेने येतो. ॲलर्जीने नाक चोंदलेलं असतं, ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) किंवा टॉन्सिल वाढलेले असतात, म्हणून मूल तोंडाने श्वास घेतं. त्यासाठी जबडा खाली, जीभही खाली. वरच्या जबड्याला बाहेरून गाल दाबत असतात आणि आतून जीभ तोलून धरत असते. जीभच खाली गेली की तोल जातो, टाळू उंच आणि अरुंद होत जाते, चेहरा लांबट होतो. इगिल हार्वोल्ड यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत ऱ्हीसस माकडांची नाकं बंद करून हे तपासलं. माकडांचे चाव बिघडले, पण सगळ्यांचे सारखे नाहीत: ज्याने जीभ जशी ठेवली, जबडा जसा धरला, तसा त्याचा दोष. माणसाच्या मुलांत चित्र इतकं साफ नसतं, कारण नाक पूर्ण बंद क्वचितच असतं आणि चेहऱ्याची ठेवण आईबापांकडूनही येते. तोंडाने श्वास घेणाऱ्या सगळ्याच मुलांचा चेहरा लांबट होत नाही.

लक्ष द्यायचं ते झोपेकडे. आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, झोपेत घामाघूम होणं, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं होणं, सकाळी डोकं दुखणं, वर्गात पेंग किंवा त्याच्या अगदी उलट अस्वस्थ चुळबुळ, असं काही दिसलं तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याच्या आजाराची शंका घ्यावी. लहानपणी त्याचं मुख्य कारण ॲडेनॉइड आणि टॉन्सिल असतात, किशोरवयात वाढलेलं वजनही त्यात भर घालतं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. निदान पक्कं होतं ते रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने. टाळू रुंद करणाऱ्या उपकरणाने काही निवडक मुलांचा श्वास सुधारतो, हे खरं आहे. अरुंद टाळू असलेल्या मुलाला त्याचा दुहेरी उपयोग होऊ शकतो. पण नुसते दात पाहून झोपेच्या आजाराचं निदान सांगणाऱ्या माणसाकडून मी तरी उठून येईन.

तार लावण्याआधी चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढायला सांगितल्या आहेत. त्याने श्वासाची वाट अरुंद होते म्हणतात.

२०१५ साली साडेपाच हजारांहून जास्त प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. निम्म्यांच्या चार उपदाढा, प्रत्येक बाजूची वरची-खालची एकेक, नव्हत्या, निम्म्यांच्या सगळ्या होत्या. स्लीप ॲप्नियाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. दात काढायचे की नाही याची कारणं दुसरी असतात: दाटी किती, ओठांची ठेवण कशी, हाड किती जाड. ती समजावून मागा.

डोकेदुखी, मानदुखी, पाठीचा बाक यांचा दातांशी संबंध आहे का?

फारसा नाही. बसण्याची ढब आणि चाव यांच्यात काही अभ्यासांना नातं दिसलं, काहींना दिसलं नाही. दात सरळ केल्याने पाठ सरळ झाल्याचं दिसलेलं नाही. कानापुढच्या सांध्यात दुखणं किंवा कटकट आवाज येणं किशोरवयात वाढतं, मुलींमध्ये जास्त. त्यामागे दात खाणं, ताण, अपुरी झोप, नखं कुरतडणं, तासन् तास च्युइंगम अशी कारणं अधिक असतात. तार लावल्याने हा त्रास होत नाही आणि तार लावल्याने जातही नाही. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर सहसा काही करावं लागत नाही. तोंड उघडताना अडकतं, एका बाजूला वळतं किंवा दिवसेंदिवस कमी उघडतं, तर मात्र दाखवा. का, ते पुढे येईल.

वारंवार डोकं दुखणाऱ्या मुलाची झोप, चष्मा, पाणी पिणं, शाळेतला ताण हे आधी पाहा.

उच्चार?

पुढच्या दातांत उभी फट असेल तर हवा निसटते आणि जीभ मध्ये येते. 'स' बिघडतो, आणि आपल्या भाषेत 'चमचा', 'जहाज', 'झाड' यांतले दंत्य उच्चारही. वरचे दात फार पुढे असतील तर 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठाला ओठ मिळत नाही, खालचा ओठ दातांनाच टेकतो. पण पुष्कळ मुलं जीभ वळवून वाट काढतात आणि दात वाकडे असूनही स्वच्छ बोलतात. याउलट दात सरळ झाले तरी जुनी सवय राहते. बोबडेपणासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ आधी, तार नंतर किंवा सोबत.

वर्गात चिडवतात. त्यासाठी तार लावणं हा फाजील लाड आहे का?

नाही. मन हेही तब्येतच आहे, आणि या वयात तर त्याचा वाटा मोठा. ब्रिटनमध्ये दातांच्या उपचारासाठी आलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे १३ टक्के मुलांचा छळ होत असल्याचं निघालं. फोटोत ओठ मिटून हसणं, हसताना तोंडावर हात, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणं, या खुणा आईवडिलांच्या नजरेतून सहज सुटतात.

पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, दोष किती मोठा आणि मन किती दुखतं यांचं गणित जुळत नाही. आठ मिलिमीटर पुढे दात असलेला एखादा मुलगा खळखळून हसतो, आणि एका चढलेल्या सुळ्यापायी एखादी मुलगी आरसा टाळते. म्हणून मिलिमीटर मोजणाऱ्याने मुलालाही विचारलं पाहिजे, तेही आईवडिलांच्या समोर नव्हे. दुसरी गोष्ट कडू आहे. वेल्समधल्या कार्डिफमध्ये १९८१ साली ११-१२ वर्षांच्या हजारावर मुलांची नोंद झाली आणि वीस वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा तपासलं. लहानपणी उपचार झालेल्यांचे दात चांगले होते, आपल्या दातांबद्दल ती माणसं समाधानीही होती. पण आत्मविश्वास आणि मानसिक स्वास्थ्य यांत उपचाराने पडलेला फरक नगण्य होता. गरज असूनही उपचार न मिळालेली मुलं मोठेपणी खचलेली नव्हती.

मी यातून एवढंच घेतो: तार लावा, पण छळ थांबवायचं काम तिच्यावर सोपवू नका. त्यासाठी शाळेशी बोलावं लागतं. चिडवणाऱ्याला दात नाही सापडला तर चष्मा सापडतो.

दात पाहून शरीरातला आजार कळतो का?

कधी कधी. आणि माझ्या मते किशोरवयातल्या दात-तब्येत नात्यातला हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे.

एक उदाहरण हनुवटीचं. मुलांना होणारा संधिवात गुडघ्या-घोट्यांबरोबर कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातही शिरतो आणि तिथे तो पुष्कळदा दुखतच नाही. सांध्याचं डोकं झिजतं, खालचा जबडा वाढायचा थांबतो. दिसतं काय? हनुवटी मागे राहिली, किंवा चेहरा एका बाजूला झुकला, किंवा आधी मिटणारे पुढचे दात आता मिटेनात. आधी बरा असलेला चाव काही महिन्यांत बदलला, तर तार लावण्याआधी सांधा तपासायला हवा, गरज पडल्यास एमआरआयने. तोंड कमी उघडतं, याकडे मघाशी बोट दाखवलं ते यासाठीच.

उंच, सडपातळ, लांब बोटांचं मूल. टाळू उंच आणि अरुंद, दातांची दाटी. एवढ्यावरून काहीच ठरत नाही, अशी निरोगी मुलं पुष्कळ असतात. पण त्यात भर म्हणून मोठ्या नंबरचा चष्मा, छातीचा पिंजरा आत किंवा बाहेर आलेला, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू, असं काही असेल तर मार्फान सिंड्रोमची शंका घेऊन हृदयाची सोनोग्राफी करतात. त्या आजारात महाधमनी रुंदावते, आणि ते वेळेवर कळणं दातांपेक्षा कितीतरी मोलाचं.

दुधाचे दात पडायला आणि कायमचे यायला बराच उशीर होत असेल, उंचीही खुंटली असेल, तर थायरॉइड आणि वाढीचं संप्रेरक तपासतात. बरेच दात आलेच नाहीत, आले ते टोकदार, केस विरळ आणि घाम येत नाही, अशा मुलाला एक्टोडर्मल डिस्प्लेशिया असू शकतो. उन्हाळ्यात त्याला ताप चढतो तो घाम न आल्यामुळे. थॅलेसेमियात रक्त पुरेसं मिळालं नाही तर अस्थिमज्जा फुगते, वरचा जबडा पुढे येतो. दातांत अचानक फटी पडू लागल्या, खालचा जबडा आणि हातपाय वेगाने वाढू लागले, तर पिट्यूटरी ग्रंथीकडे पाहावं लागतं.

हे आजार विरळ आहेत. बहुतेक मुलांच्या वाकड्या दातांमागे आनुवंशिकता आणि जागेची टंचाई यापलीकडे फारसं काही नसतं. एखाद-दुसरा दात मुळातच नसणं तर शंभरात पाच-सहा जणांत आढळतं.

वरचा सुळा आलाच नाही. वाट पाहायची का?

नको. वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात आणि दहाव्या-अकराव्या वर्षी हिरडीवर बोटाला त्यांचा फुगवटा लागतो. तो लागत नसेल, किंवा एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे काढा. शंभरात एक-दोन मुलांत सुळा टाळूच्या बाजूला आडवा अडकलेला असतो आणि शेजारच्या दाताचं मूळ गुपचूप खात जातो. दुखत काहीच नाही. वेळेत सापडला तर कधी कधी दुधाचा सुळा काढून टाकल्यावर तो आपणहून वाटेला लागतो.

मुलाला मधुमेह, अपस्मार किंवा हृदयाचा आजार आहे. तार चालेल का?

बहुतेक वेळा चालते, पण पहिल्याच भेटीत सगळं सांगा, औषधांची चिठ्ठी घेऊन जा. मधुमेहात साखर आटोक्यात आणल्यावरच सुरुवात करावी, नाहीतर हिरड्या सुजतात आणि हाड लवकर झिजतं. अपस्मारावरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, तारेभोवती त्या आणखी त्रास देतात. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा काही जन्मजात दोष असतील तर हिरडीला धक्का लागणाऱ्या कामाआधी प्रतिजैविक लागू शकतं. ते हृदयतज्ज्ञ लिहून देतील. हाडांच्या आजारासाठी बिस्फॉस्फोनेट चालू असेल तर दात नीट सरकत नाहीत. निकेलची ॲलर्जी असेल तर वेगळ्या धातूची तार मिळते.

कोणत्या वयात दाखवावं?

एकदा सातव्या वर्षाच्या सुमारास, नुसतं पाहण्यासाठी. बहुतेक मुलांना तेव्हा "नंतर या" हेच उत्तर मिळतं आणि ते बरोबर असतं. खालचा जबडा मागे असेल तर वाढीचा झपाटा वापरून घेता येतो. तो मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. वरचा जबडा मागे असेल तर मात्र दहाव्या वर्षाच्या आतच जावं.

अक्कलदाढा ढकलतात म्हणून पुढचे दात वाकडे होतात ना?

नाही. अक्कलदाढा मुळातच नसलेल्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटतात. फक्त या भीतीपोटी त्या काढू नयेत.

जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा सुधारतो, असं व्हिडिओत दाखवतात.

त्याने जबड्याचा आकार बदलतो याला पुरावा नाही. त्यात वेळ जातो, एवढंच नुकसान. खरा धोका दुसऱ्या घरगुती उद्योगात आहे: फट मिटवायला दोन दातांभोवती रबर अडकवणं. दात मुळाकडे निमुळता असतो. रबर हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं, मुळाभोवतीचं हाड खात वर चढतं, आणि दोन निरोगी दात हलू लागतात. असे दात काढावे लागल्याच्या नोंदी आहेत. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

तार लावल्याने तोटे काय?

नीट घासलं नाही तर तारेच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात. महिन्याभरातही दिसू शकतात आणि पूर्ण जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट आणि रोज फ्लोराइडच्या पाण्याने चूळ, हा त्यावरचा उपाय. मुळांची टोकं थोडी झिजतात, बहुतेकांची इतकी कमी की फरक पडत नाही. तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दुखतं. उपचार दीड-दोन वर्षं चालतो, आणि त्यानंतर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं उपकरण, न वापरणाऱ्याचे दात जुन्या जागेकडे परत निघतात. जो मुलगा आत्ताच घासायला कंटाळतो त्याला तार लावण्याची घाई करू नका. आधी तीन महिने घासून दाखव म्हणावं.

मुलालाच तार नको आहे. काय करावं?

आधी पाहा, कशासाठी लावायची आहे. सुळा अडकलाय, दात टाळूला जखम करतोय, वरचे दात नऊ मिलिमीटर पुढे आहेत, तर एक्स-रे आणि साचा त्याच्यासमोर ठेवून डॉक्टरांनीच त्याला समजावलं पाहिजे. बारा-तेरा वर्षांचं मूल हे समजू शकतं. कारण फक्त रांगेचं असेल तर थांबा. दात विशीत, चाळिशीतही सरकतात. तेव्हा तो आपल्या पायांनी येईल, आणि रिटेनरही लावेल.